तीन आजोबा आणि दोन भोपळे

कलकत्त्यात मराठी घरातलं पोर कॉलेजच्या वयाला आलं की त्याला दोन ठिकाणी नेत. एक कालीघाटला, देवीच्या पाया पडायला. दुसरं बालीगंजला, श्यामराव देवपुजारींच्या पाया पडायला. देवी पावेल की नाही याची खात्री कुणी देत नसे. श्यामरावांचा अर्ज मात्र टाइप होऊन हातात पडणार म्हणजे पडणार.

श्यामराव एका इंग्रज ताग कंपनीतून स्टेनो म्हणून रिटायर झालेले. पस्तीस वर्षं साहेबांचं डिक्टेशन घेतलं, आणि त्या पस्तीस वर्षांत साहेबाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, हा त्यांचा अभिमान. एकदा म्हणे साहेबानं रागाच्या भरात एका दलालाला पत्रात गाढव म्हटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं गाढव खाली उतरवून सौम्य काहीतरी टाइप केलं असतं. श्यामरावांनी गाढव तसंच टाइप केलं, वर कार्बन कॉपीही काढली. "बोलणाऱ्याचं बोलणं बोलणाऱ्याचं असतं," असं ते म्हणायचे.

आता एवढा कडक नियम साहेबासाठी. पोरांसाठी मात्र तो साफ उलटा! कॉलेजच्या नि शिष्यवृत्तीच्या फॉर्मात एक रकाना असायचा: स्वतःविषयी पाचशे शब्द लिहा. तिथं आलं की श्यामराव पोराला समोरच्या खुर्चीत बसवायचे, हातात कालिंदीबाईंनी केलेल्या चिवड्याची बशी द्यायचे आणि सांगायचे, "खा आणि गप्प बस." स्वतःविषयी लिहायचं, पण स्वतः बोलायचं नाही. एका पैशाला शिवायचे नाहीत हो, पण पोराला तोंड उघडू देतील तर शपथ.

"स्वतःबद्दल माणूस बोलला की हलका पडतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "घराण्याबद्दल बोल. घराण्याला कुणी हसत नाही."

मग टाइपरायटरवर कागद चढायचा आणि घराणं सुरू व्हायचं. त्यात एक परिच्छेद ठरलेला. अर्जदाराचे पूज्य आजोबा ऐन पावसाळ्यात, दोन वाळके भोपळे अंगाला बांधून, पाटी-दप्तर डोक्यावर घेऊन, दुथडी भरलेली नदी पोहून शाळेत जात असत. तीच ज्ञानाची तहान अर्जदाराच्या रक्तात उतरली आहे. मुकुंदच्या अर्जात हे आजोबा पोहले. लीनाच्या अर्जात पोहले. मुकुंदचे खरे आजोबा अमरावतीला कापडाचे दुकानदार होते आणि आंघोळीच्या तांब्यालाही भ्यायचे. पण ते कोण सांगणार? कलकत्त्यातल्या निम्म्या मराठी घरांचे आजोबा वीस वर्षं त्या नदीत होते, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

एकाहत्तर सालच्या जानेवारीत उज्ज्वला मुळावकर त्यांच्याकडे आली. वडील दत्तात्रय बँकेत अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेले आणि शहराच्या बेहाला भागात स्थिरावलेले. पोरगी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीला. शहरात तेव्हा रोज काहीतरी पेटलेलं असायचं, परीक्षा पुढे ढकललेल्या, मग आणखी पुढे. अशात हारग्रीव्ह ट्रस्टची जाहिरात आली: दोन विद्यार्थ्यांना विलायतेत शिकायला पाठवणार. उज्ज्वलाला स्कॉटलंडला जाऊन माशांच्या रोगांचा अभ्यास करायचा होता. हो, माशांच्या! ज्या घरात अंड्याचं टरफल दिसलं तर उंबरठा धुतला असता, त्या घरातली ही मुलगी.

ती स्वतः लिहिलेले चार कागद घेऊन आली होती. श्यामरावांनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीला त्यांची भुवई वर गेली. गरियाहाट बाजारात आई भाजी घेत असायची तेव्हा अकरा वर्षांची उज्ज्वला मासळीच्या गाळ्याशी पळायची. तिथं मासळी विकणाऱ्या मालती मासीनं, म्हणजे मावशीनं, तिला माशाचा कल्ला उचलून बघायला शिकवलं होतं. लाल असेल तर ताजा, काळपटला असेल तर शिळा. एके दिवशी मासीच्या पाटीतल्या सगळ्या माशांच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके निघाले. तळ्यातले मासे कशानं तरी मेले होते. मासीनं अख्खी पाटी उकिरड्यावर ओतली आणि तिथंच बसून रडली. 'ते कशानं मेले हे मला तेव्हापासून कळून घ्यायचं आहे,' असं उज्ज्वलानं लिहिलं होतं.

"हे असलं पाठवतात?" श्यामराव म्हणाले. "अगं, आपण काय आणि मासळी बाजार काय! विलायतेचे लोक वाचणार हे."

"पण काका, त्यांनी माझ्याविषयी विचारलंय. माझ्याविषयी हेच आहे."

"उकिरडा आहे यात. रडारड आहे. वाचतील आणि खो-खो हसतील."

"आणि तुमच्या त्या आजोबांचं काय? माझे आजोबा साताऱ्याला पोस्टमास्तर होते. त्यांना पोहता येत नव्हतं."

"आजोबा म्हणजे पूर्वज गं! पूर्वजांत कुणीतरी पोहलंच असेल की."

स्वयंपाकघरातून कालिंदीबाई खुदकन हसल्या. श्यामरावांनी तिकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि कागद चढवला. उज्ज्वलानं वडिलांना सांगून पाहिलं. दत्तात्रयराव म्हणाले, श्यामरावांनी लिहिलं म्हणजे झालं, तुझं शहाणपण पुरे. शेवटी पोरीनं मुकाट सही केली आणि आजोबा पुन्हा एकदा पाण्यात उतरले.

पाच आठवड्यांनी ट्रस्टचं पत्र आलं. ते घेऊन उज्ज्वला भर दुपारी बेहालाहून दोन बस बदलून आली आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसली. डोळे रडून लाल झालेले.

"वाचा," ती म्हणाली.

ट्रस्टच्या सचिव मिसेस लाहिरी यांनी मोजक्या शब्दांत लिहिलं होतं. गेल्या चार वर्षांत आमच्याकडे तीन मराठी अर्जदार आले. तिघांचेही आजोबा तीच नदी, त्याच दोन भोपळ्यांवर पोहून शाळेत गेले. मजकूर शब्दशः एक आहे. आपले गुण उत्तम आहेत, म्हणून एक संधी देत आहोत. चौदा तारखेला समितीपुढे नवं निवेदन आणि या प्रकाराचा खुलासा घेऊन यावं. खुलासा पटला नाही तर अर्ज रद्द होईल आणि आपल्या विद्यापीठाला तसं कळवावं लागेल.

श्यामरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण आयुष्यभर नाकानं कांदे सोललेला माणूस, एकदम खाली कसा येणार?

"तीन आजोबा पोहू शकत नाहीत का? महाराष्ट्रात नद्या काय थोड्या आहेत?"

"काका, बाबा म्हणतात अर्ज मागे घे. विद्यापीठाला कळवलं तर माझी डिग्रीसुद्धा अडकेल." उज्ज्वलाला रडू फुटलं. "मी तुम्हाला सांगत होते. तुम्ही ऐकलं नाहीत. माझं खरं होतं ते तुम्ही फेकून दिलंत आणि कुणाचं तरी खोटं माझ्या नावावर पाठवलंत."

"खोटं नाही ते!" श्यामराव एवढ्यांदा ओरडले की खालच्या मजल्यावरच्या चक्रवर्तींचा रेडिओ बंद झाला.

कालिंदीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या कमी बोलायच्या, पण बोलल्या की नेमकं वर्मावर. "अहो, मग सांगा की तिला. चाळीस पोरांच्या नावावर पोहून झालं, आता एकदा स्वतःच्या नावावर पोहा."

 टाइपरायटरवरचं कापड श्यामरावांनी सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. मग खिडकीकडे बघत सांगू लागले.

भंडाऱ्याकडे चुलबंद नदीच्या काठी त्यांचं गाव. शाळा पलीकडे. उन्हाळ्यात पायी जायचं आणि पावसाळ्यात होडी नसली की पोहून. आई दोन वाळके भोपळे दोरीनं बांधून द्यायची. आठ ते सोळा, आठ पावसाळे श्यामरावांनी अशी शाळा केली आणि जिल्ह्यात पहिले आले. नागपूरच्या एका कॉलेजात गरीब मुलांसाठी फी-माफी होती. तिथल्या फॉर्मातही तो रकाना होता: स्वतःविषयी लिहा. सतरा वर्षांच्या पोरानं जे होतं ते लिहिलं. तिथल्या साहेबांनी भरल्या खोलीत तो कागद मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, बाळ, आम्ही विद्यार्थी मागितलाय, बेडूक नव्हे. खोलीभर लोक हसले. रांगेत उभे असलेले पोरगेसुद्धा हसले.

"मी फॉर्म तिथंच टाकला आणि बाहेर पडलो," श्यामराव म्हणाले. "त्याच महिन्यात गाडीत बसून कलकत्त्याला आलो, शॉर्टहँड शिकलो. पुढे लोकांच्या पोरांचे अर्ज आले तेव्हा ठरवलं, यांच्यावर ती पाळी यायला नको. पोहायचं ते आजोबा पोहतील. आजोबांना कुणी बेडूक म्हणत नाही."

एवढं बोलल्यावर त्यांचे डोळे भरले. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला आपण एका पोरीसमोर रडतोय याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. "बस्स, झालं समाधान?" ते खेकसले.

उज्ज्वलानं नाक पुसलं. उठली आणि टाइपरायटरवरचं कापड काढलं.

"काका, मी सांगते, तुम्ही टाइप करा. डिक्टेशन."

"मी?"

"तुमचा नियम आहे ना? बोलणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही."

 आपल्याच तोंडचा नियम. श्यामरावांनी कागद चढवला, कार्बन लावला, पाठ ताठ केली. उज्ज्वला खोलीत येरझारा घालत सांगू लागली आणि बोटं चालू लागली. मालती मासी आली, कल्ले आले, पांढरे ठिपके आले. उकिरड्यापाशी त्यांची बोटं जरा अडखळली, पण उकिरडा कागदावर उतरला. तेव्हाचं गाढवही उतरलंच होतं की. वडिलांच्या बँकेचा एक शब्द नाही, साताऱ्याच्या पोस्टमास्तरांचा नाही. हे घराणं कुठे आहे, असं विचारायला ओठ शिवशिवत होते. त्यांनी ते मिटून धरले.

मग उज्ज्वला खुलाशावर आली. "माझ्या पहिल्या अर्जातले आजोबा माझे नाहीत. सही माझी आहे, म्हणून चूकही माझी आहे. मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं आणि मी सही केली. पण ती नदी खरी आहे. ती पोहून शाळेत गेलेला माणूस हयात आहे, आणि हा कागद तोच टाइप करतो आहे."

टाइपरायटर थांबला.

"पुढे," उज्ज्वला म्हणाली.

"पोरी, हे नको."

"शब्द बदलायचा नाही, काका."

"मी हात जोडतो."

"त्याला एकदा हसले होते, म्हणून त्याने आमच्या सगळ्यांना आपल्यामागे लपवलं. मला लपायचं नाही. आणि त्यानेही आता लपू नये असं मला वाटतं. टाइप करा."

कालिंदीबाई दारात उभ्या होत्या. श्यामरावांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली, हो म्हणून. श्यामरावांनी एकेक अक्षर दाबत ते वाक्य पूर्ण केलं. पस्तीस वर्षांत सगळ्यात कठीण डिक्टेशन ते हेच होतं, असं पुढे ते सगळ्यांना सांगायचे.

चौदा तारखेला दोघं ट्रामनं डलहौसीला, ट्रस्टच्या कचेरीत गेली. श्यामरावांनी काळा कोट घातला होता, मार्चच्या उकाड्यात. दत्तात्रयराव आले नाहीत. नाक कापून घ्यायला मी येणार नाही, म्हणाले. उज्ज्वला आत गेली आणि श्यामराव बाहेरच्या बाकावर बसले. पाऊण तास झाला. आपण या पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटत होतं. डिग्री अडकली तर मुळावकरांना काय तोंड दाखवायचं? मनातल्या मनात ते चुलबंद नदीपासून कालीघाटपर्यंत सगळ्यांना साकडं घालत होते.

दार उघडलं. मिसेस लाहिरी स्वतः बाहेर आल्या. पांढरी सुती साडी, चष्मा साखळीला लावलेला. "आपणच ते?" त्यांनी विचारलं.

आत लांब टेबलामागे आणखी दोन सदस्य होते. एक तरुण प्रोफेसर आणि एक खूप म्हातारे डॉक्टर, डॉक्टर सान्याल. उज्ज्वला बाजूला उभी. मिसेस लाहिरी म्हणाल्या, "ही म्हणते ते खरं असेल तर आम्हाला आपल्याकडून लेखी हवं. आपल्या शब्दांत, आपल्या सहीनं." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं.

टाइपरायटर नाही, कार्बन नाही. श्यामराव बसले. जो परिच्छेद चाळीस वेळा टाइप केला होता तोच लिहायचा होता, फक्त सुरुवात वेगळी करायची होती. त्यांनी पेन टेकवलं आणि लिहिलं, मी. मी आठ पावसाळे नदी पोहून शाळेत गेलो. माझ्या आईनं दोन भोपळे बांधून दिले. एकदा सुरुवात झाल्यावर हात थांबला नाही. कॉलेजच्या साहेबांचं बोलणंही त्यांनी लिहिलं. बेडूक हा शब्द लिहिला. खाली सही केली.

"वाचून दाखवाल?" मिसेस लाहिरी म्हणाल्या.

श्यामरावांनी खोलीभर नजर फिरवली. तीच खोली, तीच टेबलं, तेच परके चेहरे. शेहेचाळीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं. ते उभे राहिले आणि वाचलं. संपलं. त्यांनी कागद खाली ठेवला, आणि ते समोरच्यांच्या हसण्याची वाट बघत राहिले.

कुणी हसलं नाही. म्हातारे डॉक्टर सान्याल पुढे वाकले. "ते भोपळे," त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "छातीशी बांधायचे की पाठीवर?"

"काखेखाली, सर. दोन्ही बाजूंना एकेक."

"हां. आमच्याकडे केळीचे खुंट असायचे." डॉक्टर हसले, पण ते हसू वेगळं होतं. "मी पूर्व बंगालातला, बारिसालचा. मीही असाच गेलो शाळेत. पन्नास वर्षं डॉक्टरकी केली, पण हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं हो." आणि त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. श्यामरावांनी तो दोन्ही हातांनी धरला. उज्ज्वला तिकडे रडत होती आणि हसतही होती. मिसेस लाहिरींनी मध्येच घसा खाकरला, चष्मा काढला आणि पुसला.

पंचवीस दिवसांनी उज्ज्वला पत्र घेऊन जिन्यावरून ओरडतच वर आली, "काका! काकू! झालं!" हारग्रीव्ह ट्रस्टनं तिची निवड केली होती. स्कॉटलंडला दोन वर्षं, माशांचे रोग. पत्राच्या शेवटी मिसेस लाहिरींनी हातानं एक ओळ घातली होती: समितीनं मासळी बाजारावरचे कागद दोनदा वाचले. श्यामरावांनी ती ओळ चारदा वाचली. मग पत्र कालिंदीबाईंच्या हातात दिलं आणि घरभर नुसते फिरत राहिले, काय करावं सुचेना. शेवटी पायात चपला सरकवून स्वतः गरियाहाटच्या बाजारात गेले, जन्मात पहिल्यांदा मासळीच्या गाळ्यात शिरले, नाकाला रुमाल लावून, आणि मालती मासीला शोधून तिच्या हातात संदेश मिठाईचा पुडा ठेवला. तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, म्हणाले. मासी त्यांच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी दत्तात्रयराव पेढे घेऊन आले. दारातच म्हणाले, "श्यामराव, तुम्ही लिहिलं म्हणजे झालंच!"

"मी नाही लिहिलं," श्यामराव म्हणाले. "तिनं लिहिलं. मी फक्त टाइप केलं."

पुढच्या वर्षी जानेवारीत दिगंबर नावाचा एक मुलगा आला, इंजिनियरिंगच्या अर्जासाठी. थोरामोठ्यांनी शिकवून पाठवलेला. खुर्चीत बसला, चिवड्याची बशी घेतली आणि घडाघडा सुरू झाला, "माझे पूज्य आजोबा..."

"आजोबांना राहू दे घरी," श्यामराव म्हणाले आणि बशी त्याच्या हातातून काढून घेतली. "तोंड चिवड्यासाठी नाही, बोलायला दिलंय. तू काय केलंस ते सांग. लाजू नको. मला हसू येणार नाही."

दिगंबर गोंधळून कालिंदीबाईंकडे बघायला लागला.

"सांग रे बाळ," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातले आजोबा गेल्या वर्षीच पाण्याबाहेर आलेत. पोहून पोहून दमले होते बिचारे."

श्यामरावांनी कागद चढवला, पाठ ताठ केली आणि बोटं कळांवर ठेवून वाट बघत बसले.